तेरावं षटक

शेवट आधीच सांगून टाकतो, तो सगळ्यांना माहीत आहे. बुधवार, २७ मार्च २०२४. हैदराबादमधल्या उप्पलचं राजीव गांधी स्टेडियम. सनरायझर्स हैदराबाद, २० षटकांत ३ बाद २७७. आयपीएलमधली तोवरची सर्वांत मोठी धावसंख्या. उत्तरात मुंबई इंडियन्स ५ बाद २४६. हार ३१ धावांनी.

खाली दिलेल्या वेळा बदलापूरच्या बेलवलीच्या आहेत. काही गाडीतल्या मोबाइलवरच्या, काही दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या भिंतीवरच्या घड्याळातल्या. दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे धरावीत. आकडे मात्र काकांच्या वहीतले आहेत, ते पक्के.

रविवार, २४ मार्च, संध्याकाळी ७.३०

मोसमातला मुंबईचा पहिला सामना, अहमदाबादला, गुजरात टायटन्सशी. चौकात होळी रचून तयार. नवा कर्णधार हार्दिक पंड्या. नोव्हेंबरमध्ये तो गुजरातकडून परत आला, १५ डिसेंबरला रोहित शर्माच्या जागी त्याची नेमणूक जाहीर झाली, आणि त्या दिवसापासून आमच्या इमारतीचे दोन पक्ष झाले होते. पाणी, पार्किंग, देखभाल खर्च, यांपैकी कशावरूनही असे सरळ दोन पक्ष कधी पडले नव्हते.

पहिलं षटक हार्दिकनं स्वतः टाकलं. तिसरंही त्यानंच. जसप्रीत बुमराहच्या हाती चेंडू आला तो चौथ्या षटकात, आणि त्याच षटकाच्या शेवटच्या चेंडूवर वृद्धिमान साहाचा त्रिफळा उडाला. समालोचन करताना केविन पीटरसननं विचारलंच, बुमराह सुरुवात का करत नाही? सुनील गावसकरांनाही तो प्रश्न रास्त वाटला.

त्या रात्री बुमराह : ४ षटकं, १४ धावा, ३ बळी. मुंबई ६ धावांनी हरली.

खाली होळीभोवती फेऱ्या चालू होत्या. कुणी फार मनावर घेतलं नाही. २०१३पासून मुंबई दर वर्षी पहिला सामना हरत आली होती, त्यातल्या पाच वर्षी पुढे जेतेपदही मिळालं होतं. ‘पहिली मॅच देवाला’ हे आमच्याकडचं ठरलेलं वाक्य. ते म्हटलं की हार नैवेद्यात जमा होते. त्यामुळे पीटरसनचा प्रश्नही त्याच ताटात गेला.

बुधवार, २७ मार्च, संध्याकाळी ७.००

बदलापूर लोकल, ठाणे सुटलेलं. चौथ्या सीटवर अर्धा टेकून मी. समोरच्याच्या मोबाइलवर नाणेफेक. हार्दिकनं जिंकली, गोलंदाजी घेतली.

‘बरोबर आहे,’ खिडकीशी बसलेले डोंबिवलीचे गृहस्थ म्हणाले. ‘नंतर दव पडतं.’

या निर्णयावर डब्यात मतभेद झाला नाही. त्या रात्रीच्या निर्णयांपैकी असा हा एकच.

७.०५

संघ जाहीर. हैदराबादकडे ट्रॅव्हिस हेड आला होता. चारच महिन्यांपूर्वी, १९ नोव्हेंबरला, अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात १३७ धावा काढून भारताच्या हातून चषक नेला तो हेड. त्याचं नाव ऐकल्यावर डब्यात जी शांतता पसरली, ती दिवा स्टेशनपर्यंत टिकली.

मुंबईकडे ल्यूक वूडच्या जागी क्वेना मफाका. दक्षिण आफ्रिकेचा डावखुरा वेगवान गोलंदाज, वय १७. महिन्या-दीड महिन्यापूर्वी संपलेल्या १९ वर्षांखालील विश्वचषकात २१ बळी घेऊन तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. श्रीलंकेचा दिलशान मदुशंका जायबंदी झाला म्हणून त्याला बोलावणं आलं. ८ एप्रिलला तो १८ वर्षांचा होणार होता. अजून बारा दिवस होते.

रोहितचा मुंबईसाठी हा दोनशेवा सामना. सचिन तेंडुलकरनं त्याला २०० आकड्याची जर्सी दिली. ते दृश्य तीन मोबाइलांवर तीन वेगवेगळ्या वेळी दिसलं.

याचं कारण आधीच सांगून ठेवतो, पुढे लागेल. मोबाइलवरचं प्रक्षेपण मैदानापेक्षा मागे असतं. प्रत्येकाचा फोन आपापल्या नेटवर्कप्रमाणे थोडं चित्र साठवून मग दाखवतो. त्यामुळे एका डब्यात एकच चेंडू चार वेळा पडतो. ज्याचा फोन पुढे, त्याचा चेहरा बघायचा आणि मग आपल्या पडद्यावर घडण्याची वाट बघायची.

७.३०, पहिलं षटक

कल्याण सुटलं. पहिला चेंडू बुमराहच्या हातात नव्हता. हार्दिकच्याही नव्हता. मफाका धावत आला.

‘पोराला पहिली ओव्हर?’ दारातून कुणीतरी.

‘अरे भाऊ, नवीन बॉल आहे, लेफ्टी आहे, स्विंग मिळेल.’

‘बुमराहला नाही मिळत का स्विंग?’

विठ्ठलवाडीला चढणाऱ्यांच्या रेट्यात उत्तर राहून गेलं. दुसरं षटक हार्दिकनं घेतलं. दोन षटकांत १८ धावा. यात वाईट म्हणावं असं काही नव्हतं.

७.३९, तिसरं षटक

उल्हासनगर. पुन्हा मफाका, समोर हेड.

समोरच्या पोराचा फोन माझ्यापेक्षा एक चेंडू पुढे होता. त्यानं डोळे मिटले. मग माझ्या पडद्यावर षटकार. त्यानं फोन उलटा धरला. माझ्याकडे दुसरा षटकार. मग दोन चौकार. षटकात २२ धावा.

मफाकाचा चेहरा जवळून दाखवला. तो चेंडू पुसत होता आणि कर्णधाराकडे बघत होता. सतरा वर्षांचा मुलगा ज्या नजरेनं मोठ्यांकडे बघतो, त्याच नजरेनं.

तीन षटकांनंतर बिनबाद ४०.

७.४३, चौथं षटक

अंबरनाथ सुटलं. चेंडू बुमराहकडे.

या षटकाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच त्याचं महत्त्व. सहा चेंडू, पाच धावा. हेड तोच, खेळपट्टी तीच, चेंडू तोच. डब्यातला आवाज खाली आला. मागच्या षटकात ज्यानं फोन उलटा धरला होता, त्यानं तो सरळ केला.

४५ बिनबाद. बुमराह : १ षटक, ० निर्धाव, ५ धावा, ० बळी.

हे षटक संपलं तेव्हा ९६ चेंडू बाकी होते. त्यांपैकी बुमराहकडे १८.

७.४८, पाचवं षटक

बदलापूर. लोटालोटीत उतरलो, जिना चढलो, पश्चिमेला आलो. दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, तिथीनुसार शिवजयंती. रस्त्यावर भगव्या पताका चढत होत्या, एका मंडळाचा स्पीकर ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणत होता. त्याच आवाजात दुकानातल्या टीव्हीवरून ओरड आली.

हार्दिकच्या पहिल्याच चेंडूवर मयांक अगरवाल बाद. झेल टिम डेव्हिड. १ बाद ४५.

आता नवा फलंदाज, अभिषेक शर्मा. डावखुरा, तेवीस वर्षांचा, पंजाबचा. पॉवरप्लेची जवळजवळ दोन षटकं उरलेली. वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक. नुकतीच विकेट पडलेली, आणि ताजं, पाच धावांचं षटक टाकून आपला सर्वोत्तम गोलंदाज मैदानावर उभा.

ते हातातलं षटक तर हार्दिकच पुरं करणार होता. प्रश्न सहाव्याचा होता. सहावं षटक गेराल्ड कोएत्झीला मिळालं.

हा छोटा निर्णय. त्या क्षणी तो निर्णय वाटतही नाही. बुमराहला आता वापरलं तर शेवटी कोण टाकणार, एवढाच हिशेब. कोणत्याही कर्णधाराच्या डोक्यात तो असतो, आणि इतर कोणत्याही रात्री तो चालून जातो. बेलवलीच्या घराघरांत असाच एक बादली पाण्याचा हिशेब रोज होतो : आत्ता वापरलं तर संध्याकाळी काय?

७.५७

शेअर रिक्षात मधल्या जागेवर. रिक्षावाल्याच्या हँडलजवळ अडकवलेल्या फोनवर सामना चालू होता, पण तो रस्त्याकडे बघत फक्त ऐकत होता.

सहा षटकं, १ बाद ८१. पाचव्या आणि सहाव्या मिळून ३६. हेडचं अर्धशतक १८ चेंडूंत, सनरायझर्सकडून तोवरचं सर्वांत वेगवान.

‘बुमराहला लपवलाय कुठं?’ रिक्षावाला म्हणाला. कुणाला उद्देशून नव्हे. मग वळणावर हॉर्न दिला.

८.०२, सातवं षटक

पियूष चावला आला. अभिषेकचे तीन षटकार. षटकात २१. १ बाद १०२.

मी जिना चढत होतो. पहिल्या मजल्यावर ओरड झाली, मग समोरच्या इमारतीत, मग दुसऱ्या मजल्यावर. तीन घरांत तोच षटकार तीनदा.

८.०६, आठवं षटक

काकांचं दार उघडंच होतं. आमचा चिरंजीव आधीच तिथे, जमिनीवर मांडी घालून. वय तेरा.

काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. फॅक्टरीच्या संघाचे ते स्कोअरर होते. खेळाडू नव्हे; हे ते स्वतःच पहिल्यांदा सांगतात. आजही टीव्हीसमोर आडव्या रेघांची वही, पट्टी आणि दोन पेनं घेऊन बसतात. टिंब म्हणजे टिंबच, एक धाव म्हणजे एकच, भावनेला रकाना नाही.

हेड बाद झाला. कोएत्झीचा चेंडू, नमन धीरचा झेल. २४ चेंडूंत ६२. २ बाद ११३.

चिरंजीव उठून उभा राहिला. काकांनी लिहिलं, पेन ठेवलं.

‘काका, आता तरी आणतील का बुमराहला?’

‘अरे, मी स्कोअरर. मला विचारू नये.’

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. बुमराहच्या ओळीत पहिला रकाना भरलेला. पुढचे तीन कोरे. मफाका, हार्दिक, कोएत्झी यांच्या ओळी पुढे सरकत होत्या. ती ओळ होती तिथेच.

८.१२

नियमाप्रमाणे गोलंदाजी करणाऱ्या संघाला सहाव्या ते नवव्या षटकादरम्यान अडीच मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते. नाव ‘स्ट्रॅटेजिक टाइम आउट’. नावात डावपेच आहेत. प्रत्यक्षात पाण्याच्या बाटल्या आणि जाहिराती दिसतात. पण अडीच मिनिटं ती अडीच मिनिटंच. तेवढ्यात वही बघता येते, आकडा बघता येतो, बेत बदलता येतो. मुंबईच्या डगआउटमध्ये त्या वर्षी मार्क बाउचर मुख्य प्रशिक्षक, लसिथ मलिंगा गोलंदाजी प्रशिक्षक. मैदानात पाच जेतेपदं मिळवून दिलेला माजी कर्णधार.

काय बोलणं झालं ते आपल्याला ऐकू येत नाही. पुढचं षटक कुणी टाकलं एवढंच दिसतं. बुमराहनं नाही.

काकूंनी पोहे आणले. चिरंजीवानं मफाकाचं वय विचारलं. सतरा, म्हटलं.

‘म्हणजे माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा.’

त्यानंतर मफाकाला षटकार बसला की तो ओरडला नाही. खाली बघायचा.

८.२०

दहा षटकं पूर्ण. २ बाद १४८. आयपीएलमध्ये दहा षटकांत इतक्या धावा त्याआधी कुणी केल्या नव्हत्या.

अभिषेकचं अर्धशतक १६ चेंडूंत. हेडचा विक्रम काही षटकंच टिकला. काकांनी हेडच्या नावापुढे समासात ‘विक्रम’ असं लहान अक्षरात लिहिलं होतं. ते खोडलं नाही, कंस केला.

या वेळेपर्यंत भांडण इमारतीभर पसरलं होतं. जिन्यात रोहितचा पक्ष, गॅलरीत हार्दिकचा.

‘विकेटच पाटा आहे. बुमराह येऊन काय करणार?’

‘पाच रन दिले होते त्यानं! याच पाट्यावर!’

‘मग डेथला कोण? तुझा काका?’

‘माझ्या काकाला मध्ये आणायचं नाही.’

काका आतून म्हणाले, ‘आवाज कमी करा, वाइड दिसला नाही मला.’

८.२४, अकरावं षटक

षटकाच्या शेवटच्या चेंडूवर चावलानं अभिषेकला बाद केलं. पुन्हा झेल नमन धीरचा. २३ चेंडूंत ६३. ३ बाद १६१.

दोन्ही तुफानं गेली. ५४ चेंडू बाकी. मैदानावर एडन मार्करम आणि हाइनरिख क्लासन. क्लासनचा डाव अजून सुरूही झालेला नव्हता. नवा फलंदाज आहे, स्थिरावायच्या आत गाठायचा, त्यासाठी यॉर्कर पाहिजे. हे चिरंजीव बोलला. टेनिस बॉलवर खेळणाऱ्या पोरांना एवढं कळतं.

८.२८, बारावं षटक

शम्स मुलाणी. मुंबईचा डावखुरा फिरकीपटू.

इथे थोडं थांबतो. १४ मार्चला, म्हणजे तेराच दिवस आधी, वानखेडेवर मुंबईनं विदर्भाला १६९ धावांनी हरवून रणजी करंडक बेचाळिसाव्यांदा जिंकला. मुलाणी त्या संघात होता. सामन्याचा शेवटचा बळी राहिला होता तेव्हा कर्णधार अजिंक्य रहाणेनं चेंडू धवल कुलकर्णीकडे दिला. धवलचा तो कारकिर्दीतला शेवटचा सामना. त्यानं उमेश यादवचा त्रिफळा उडवला. काकांनी ते षटकही लिहून ठेवलं आहे, वेगळ्या वहीत. चेंडू कुणाला आणि कधी द्यायचा याला आकड्यांपलीकडचंही एक कारण असतं, असं त्या दिवशी वाटलं होतं. अर्थात तेव्हा १६९ धावा हातात होत्या. त्या हातात असल्या की कर्णधाराला सगळंच सुचतं.

मुलाणीच्या षटकात १२ धावा. त्या रात्रीच्या मानानं चांगलं षटक. ३ बाद १७३.

८.३२, तेरावं षटक

बुमराह.

समोरच्या इमारतीचा टीव्ही आमच्या पुढे होता. तिकडून टाळ्या आल्या, शिट्ट्याही आल्या. मग आमच्या पडद्यावर तो लांबून चालत येताना दिसला, टोपी पंचाकडे देताना.

काकांनी दुसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं. टेकवून ठेवलं. त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून जे एकच मत दिलं ते इथे.

‘घरचा माणूस तेराव्याला आला.’

कुणी हसलं नाही. काकू म्हणाल्या, ‘असं बोलू नये.’

चौथ्या षटकाअखेर ते बाराव्या षटकाअखेर

काकांनी जाहिरातीच्या वेळात समासात मांडलेला हिशेब असा. चौथं षटक संपलं तेव्हा ४५. बारावं संपलं तेव्हा १७३. मधली आठ षटकं, १२८ धावा, षटकाला १६. तीन बळीही याच आठ षटकांतले, म्हणजे गोलंदाज काहीच करत नव्हते असं नाही.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, ती गॅलरीतल्या पक्षाची. बुमराहनं त्या रात्री चार षटकांत एकूण ३६ दिल्या, षटकाला ९. त्याची दोन षटकं या आठांत टाकली असती आणि त्यानं नऊच्याच दरानं दिल्या असत्या, तर साधारण १४ धावा वाचल्या असत्या. हार झाली ३१ने. शिवाय ती दोन षटकं शेवटी दुसऱ्या कुणाला तरी टाकावी लागली असती. खेळपट्टी तर अशी की मुंबईनंही तिच्यावर २४६ केल्या. हैदराबादचे १८ षटकार, मुंबईचे २०. बेरजेनं पाहिलं तर एक माणूस ही रात्र फिरवू शकत नव्हता.

जिन्यातल्या पक्षाचं उत्तर बेरजेत बसत नाही. हेड तिसऱ्या षटकात मारत होता, चौथ्यात थांबला, पाचव्यानंतर पुन्हा मारू लागला. चौथं षटक सगळ्यांनी पाहिलं होतं. बुमराहसमोर हेड सहावं-सातवं षटक कसा खेळला असता, हे कुठल्याच रकान्यात भरता येत नाही. माझं मत या पक्षाचं आहे. पण ते मत आहे, हिशेब नव्हे.

८.५०

क्लासनचं अर्धशतक २३ चेंडूंत. एकाच डावात तीन फलंदाजांची अर्धशतकं, तिन्ही पंचवीस चेंडूंच्या आत.

पडद्यावर रोहित क्षेत्ररक्षण लावताना दिसू लागला. हातानं दाखवत होता, तू इकडे, तू तिकडे. मग त्यानं हार्दिकलाच सीमारेषेकडे जायला सांगितलं. हार्दिक गेला.

ते चित्र दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरलं. अहमदाबादला हार्दिकच्या सांगण्यावरून रोहित सीमारेषेवर धावत गेला होता, त्या चित्राला हे उत्तर, असं लोकांनी ठरवलं. जिन्यात टाळ्या पडल्या. डाव कोसळत असताना पडलेल्या त्या टाळ्या कानाला बऱ्या वाटल्या नाहीत. काकांच्या वहीत क्षेत्ररक्षण लिहायला जागाच नसते.

९.०४

बुमराहची चार षटकं संपली. ४-०-३६-०. शेवटच्या तिनांत ३१. एकही बळी नाही. ज्या वेळेसाठी त्याला राखलं होतं ती वेळ आली तेव्हा क्लासन आणि मार्करम दोघेही रुळले होते, आणि हैदराबादकडे सात गडी शिल्लक होते. गमावण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

९.०७, विसावं षटक

चेंडू मुलाणीकडे. शेवटच्या षटकात फिरकी, समोर क्लासन. बुमराह, हार्दिक, कोएत्झी, मफाका, चौघांचीही चार-चार षटकं संपलेली. उरले होते चावला आणि मुलाणी, दोघांनी दोन-दोन टाकायची आणि त्यांपैकी मुलाणीचं एक बाकी. हे विसावं षटक सहाव्या षटकातच ठरत गेलं होतं, एवढंच.

विक्रम २६३चा. बेंगळुरूनं पुण्याविरुद्ध २३ एप्रिल २०१३ला केलेला, ख्रिस गेल नाबाद १७५. अकरा वर्षं टिकलेला.

समोरच्या इमारतीत ओरड. आमच्याकडे षटकार. २६३ मागे पडलं तेव्हा चिरंजीव आमच्या घरी निघून गेला होता. षटकात २१ धावा.

क्लासन ३४ चेंडूंत नाबाद ८०. मार्करम २८ चेंडूंत नाबाद ४२. ३ बाद २७७.

९.१२

जाहिराती. काकूंनी पोह्यांच्या ताटल्या उचलल्या. जिन्यातले लोक आपापल्या घरी गेले. दोन्ही पक्षांनी एकमेकांना ‘येतो’ म्हटलं. खाली मंडळाच्या पोरांनी स्पीकर पुन्हा तपासला.

काकांनी चष्मा पुसला, पट्टी लावली आणि गोलंदाजांच्या ओळीखाली रेघ मारली. मग एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेले. मी दुसऱ्या कागदावर लिहीत गेलो. ताळा दोघांनी करायचा असतो, हा त्यांचा फॅक्टरीपासूनचा नियम.

‘मफाका, चार ओव्हर, सहासष्ट.’

‘सहासष्ट.’

‘पंड्या सेहेचाळीस, एक. कोएत्झी सत्तावन्न, एक. चावला दोन ओव्हर, चौतीस, एक. मुलाणी दोन ओव्हर, तेहेतीस.’

‘आणि बुमराह?’

‘छत्तीस.’

‘दोनशे बहात्तर.’

‘बाय-लेगबाय पाच.’

‘दोनशे सत्त्याहत्तर.’

‘जुळला,’ काका म्हणाले, आणि टाकीची मोटर लावायला उठले.